मधल्या जागेचा माणूस

जपानातल्या सुसुकिनो या रात्री जागणाऱ्या वस्तीच्या पाचव्या गल्लीत दिवसा कुणी मान वर करत नाही. वर बघण्यासारखं जे काही असतं ते दिवे लागल्यावर. दुपारी दोन वाजता तिथं कचऱ्याच्या पिशव्या असतात, त्यांच्यावर नजर ठेवून असलेले कावळे असतात, आणि भिंतीभिंतींवरून गोड हसणारे दोन-अडीचशे देखणे तरुण असतात. हे तरुण त्या वेळी प्रत्यक्षात कुठंतरी पडदे ओढून, तोंड उघडं टाकून झोपलेले असतात. पण भिंतीवर त्यांना सुट्टी नाही.

त्यातल्या बहुतेकांचे खरे चेहरे शिगेमात्सुला माहीत होते, आणि ते कुणाला सांगायचे नाहीत यावरच त्याचं पोट चालत होतं. एकतीस वर्षं तो या गल्लीचे फलक करत आला होता. फोटो काढायचे, कॉम्प्युटरवर घासूनपुसून स्वच्छ करायचे, फ्लेक्स छापून आणायचा आणि शिडी लावून चढवायचाही. वय त्रेसष्ट. डावा गुडघा मात्र पंचाहत्तरीचा.

या गल्लीतले क्लब बायकांसाठी होते. बाईनं यायचं, बसायचं, बाटली उघडायची आणि शेजारी बसलेल्या तरुणानं तिचं म्हणणं ऐकून घ्यायचं. घरी जे फुकट कुणी ऐकत नाही ते इथं पैसे मोजून ऐकवायचं, असा सरळ व्यवहार. पण आत यायच्या आधी बाईनं खालून जाताना फलक वाचायचा असतो, आणि फलकाची भाषा शिगेमात्सुइतकी कुणाला येत नव्हती. जो मधे तो पहिला. ज्याचा खांदा शेजाऱ्याच्या खांद्यावर चढलेला तो वरचा, ज्याच्या खांद्यावर चढलाय तो खालचा. दोन्ही कान दिसतात त्याचं बरं चाललंय; एकच दिसतो त्यानं अजून मेहनत घ्यावी. मंडळी एकेकटी येऊन फोटो काढून जायची, कित्येकांचं आपसांत बोलणंही नसायचं. त्यांना जिवलग मित्रांसारखं एकमेकांना टेकवून उभं करायचं काम शिगेमात्सुचं.

हातांचं वेगळंच. एक जण मान धरून उभा, लचक भरल्यासारखा. एक गालावर तळवा ठेवून, दाढ ठणकत असल्यासारखा. एक कपाळाला दोन बोटं लावून, घरात थर्मामीटर सापडत नसल्यासारखा. बाई खालून जाताना हे बघते आणि तिला वाटतं, बिचाऱ्याला काहीतरी होतंय. तेवढं वाटलं की निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं शब्दांनी व्हायचं: ‘कोटींचा धनी’, ‘अजिंक्य’, ‘देव’. एका भिंतीवर तर सहा देव होते, आणि सहाही जण भाड्याच्या एकाच खोलीत राहायचे.

मग जूनमधे नवा नियम आला. कमाईचे आकडे नकोत, क्रमांक नकोत, पदव्या नकोत. चढाओढ पेटेल असं काहीही फलकावर नको. आठवड्याभरात गल्लीच्या आसपास काळी चिकटपट्टी मिळेनाशी झाली. सगळ्या देवांवर पट्ट्या बसल्या. शिगेमात्सुला त्याचं फारसं वाईट वाटलं नाही. ते शब्द त्यानंच लिहिले होते, त्यामुळे त्यांत काय होतं हे त्याला ठाऊक होतं.

त्याच आठवड्यात एका दुपारी हिसुई त्याच्या स्टुडिओत आला. हिसुई हे क्लबातलं नाव. खरं नाव विचारायची गल्लीत पद्धत नाही. ‘गिन्शिरो’ म्हणजे चांदीचा किल्ला, या तळघरातल्या क्लबात तो चौदा वर्षं होता. फलकावर एकोणतीस वर्षांचा, पासपोर्टवर छत्तीस. येऊन तो खुर्चीत बसला नाही, सांडला.

“काका, पहिला आलो.”

“कशात रे?”

“क्लबात. मे महिन्यात. बाटल्यांच्या कमाईत पहिला नंबर.”

शिगेमात्सुनं चष्मा कपाळावर सरकवला. “अरे वा. मग असा पोस्टमनसारखा का सांगतोयस?”

“कारण आता नंबर लिहायचा नाही. चौदा वर्षं, काका! त्या भिंतीवर डावीकडून पहिला मी. माझ्यापुढं पावसाच्या पाण्याचा पाइप. बायका आत येऊन विचारतात, पाइपवाला कुठाय?”

“पाइप काय मी बसवला?”

“तुम्ही मला त्याच्यामागं बसवलंत.”

हे खरं होतं, त्यामुळे शिगेमात्सुनं चहा टाकला.

“पुढच्या महिन्यात मी पहिला येणारेय थोडाच,” हिसुई म्हणाला. “वरचे तिघं एकदम सोडून गेले म्हणून हे झालं. मला काय कळत नाही? एकच महिना आहे. तेवढा एक महिना रस्त्यानं जाणाऱ्या माणसाला समजलं पाहिजे, की हा पहिला. नंतर घाला परत पाइपामागं.”

शिगेमात्सुनं कप खाली ठेवला. मग म्हणाला, “लिहायचं नाही असं म्हणतात. दाखवायचं नाही असं कुठं म्हणतात?”

“म्हणजे?”

“बाकी अकरा जण काहीतरी करतायत. कुणाची मान, कुणाची दाढ. तू काहीच करायचं नाही. हात खाली, समोर बघायचं, साधा काळा सूट. मागं राखाडी निळं, बाकी काही नाही. आणि फलक तुझा एकट्याचा, मधल्या चौकटीत. ज्याला काही करावं लागत नाही तोच मोठा. हे समजायला नंबर लागत नाही.”

हिसुईला ते पटलं. चौदा वर्षांत प्रथमच त्याला काही करायचं नव्हतं, आणि ते त्याला फार छान जमलं. पंधराव्या मिनिटाला फोटो झाला.

मग शिगेमात्सु धुलाईला बसला. डोळ्यांखालच्या पिशव्या आधी गेल्या. त्यात दोघांचा किराणा मावला असता. जबडा दोन्ही बाजूंनी तासला, डोळे मोठे केले, नाक आहे एवढं कळण्यापुरतं ठेवलं. हिसुईचा वरचा डावा सुळा शेजारच्या दातावर चढून बसलेला होता. तो खाली उतरवून रांगेत उभा केला आणि सगळ्या दातांना एकसारखा पांढरा रंग दिला. संपल्यावर पडद्यावर जो माणूस उरला तो शांत, सौम्य आणि कुणाच्याच ओळखीचा नव्हता. म्हणजे काम चोख झालं होतं.

बुधवारी दुपारी फलक चढवायचा होता. क्लबाचा मालक बांदो, एके काळचा देव आणि आता पोट सुटलेला, छातीवर हात बांधून खाली उभा होता. फ्लेक्स उलगडला तर वरच्या दोन्ही कोपऱ्यांत सोन्याचे मुकुट.

“हे कुणी घातले?” शिगेमात्सुनं विचारलं.

“मीच छापखान्यात फोन केला,” बांदो म्हणाला. “फार सुनं वाटत होतं.”

“मालक, सुनं वाटावं म्हणूनच तर...”

“अहो, मुकुट म्हणजे शब्द थोडाच आहे? चढवा.”

चढवून झालं आणि नेमके तेव्हाच मिनेता आले. यांचं कोपऱ्यावर दारूचं दुकान, आणि व्यापारी मंडळाचे ते चिटणीस. हातात नियमांचा कागद. त्यांनी कागद पाहिला, मुकुट पाहिले, पुन्हा कागद पाहिला.

“बांदो, मुकुट म्हणजे राजा. राजा म्हणजे पहिला. पहिला म्हणजे क्रमांक.”

“काका, तुम्ही बिअरच्या बाटलीवरचे पण मुकुट काढता का?”

“बिअरची बाटली माझ्या दुकानात आहे, भिंतीवर नाही. उद्या तपासणीला येणारेत म्हणे. माझं काय, मी सांगून मोकळा.”

बांदोचा चेहरा उतरला. “शिगेमात्सु, पट्टी मारा हो. मुकुट झाकले की झालं.”

शिगेमात्सु शिडीवरच होता. पट्टीचं शेवटचं रीळ त्याच्या खिशात होतं. मुकुट कोपऱ्यात तिरपे होते, म्हणून त्यानं पट्टीही तिरपी लावली. इकडून एक, तिकडून एक, रुंद आणि काळी, कडेपासून कडेपर्यंत. लावताना त्याला समोर पट्टी दिसत होती, पट्टीखालचा फ्लेक्स दिसत होता, आणि हिसुईचा एक भुवईएवढा तुकडा. एकतीस वर्षं तो फलक लावला की रस्ता ओलांडून पलीकडे जायचा आणि तिथून एकदा नीट बघायचा. पण आज गुडघा एवढा ठणकत होता, की रस्ता ओलांडणं म्हणजे दोनदा ओलांडणं आलं, असा त्यानं विचार केला. शिडी घेतली आणि घरी गेला.

दुसऱ्या दिवशी अकराला बांदोचा फोन. “शिगेमात्सु, लगेच या.”

“काय झालं? तपासणीवाले आले?”

“तपासणीवाले येऊन गेले. टोपी काढून, मान लववून गेले.”

शिगेमात्सु टॅक्सीनं आला आणि, टॅक्सी पलीकडच्या बाजूला थांबल्यामुळे, त्यानं फलक पहिल्यांदाच नीट पाहिला. साधा काळा सूट, राखाडी निळी भिंत, शांत हसरा चेहरा. आणि वरच्या दोन्ही कोपऱ्यांवर तिरप्या काळ्या फिती. असा फोटो जपानात माणसाचा एकदाच लावतात, अंत्यविधीला, आणि तो बघायला तो स्वतः नसतो.

खाली भिंतीला टेकून पांढऱ्या शेवंतीचे वीस-बावीस गुच्छ होते. कॉफीचे डबे होते, तांदळाच्या मोची मिठाईची खोकी होती, कुणीतरी एक सिगारेट पेटवून दगडावर नीट ठेवली होती. चिठ्ठ्यांचा ढीग होता. वरच्या चिठ्ठीत लिहिलं होतं, ‘माझी छत्री तुझ्याकडेच राहिली. असू दे.’

“काल संध्याकाळपासून बारा जणी रडून गेल्या,” बांदो हळू आवाजात म्हणाला. त्याच्या आवाजात दुःख होतं, पण ते फार खाली होतं. वर दुसरंच काहीतरी तरंगत होतं. “रडल्या की माणसाला आत बसावंसं वाटतं. काल टेबल मिळत नव्हतं.”

“आणि हा काल आत नव्हता?”

“काल त्याची सुट्टी. मी म्हटलं, कशाला उठवा.”

“मालक, तो जिवंत आहे हे कुणाला सांगितलंत की नाही?”

“कुणी विचारलं नाही.”

एवढ्यात हिसुई आला. मळकी हुडी, तोंडावर मास्क, केस झोपेतलेच, पायात स्लिपर. त्यानं फलक पाहिला, फुलं पाहिली, मग शिगेमात्सुकडे पाहिलं.

“काका, मधे घेतलंत ना शेवटी.”

“चुकलो रे,” शिगेमात्सु म्हणाला. “पलीकडून बघायचं राहिलं.”

तेवढ्यात एक बाई शेवंतीचा गुच्छ घेऊन आली. पंचेचाळीसच्या आसपास, कामाचा निळा कोट, बोटांना पांढरी पूड. तिनं फुलं हातातच धरून बराच वेळ वर पाहिलं, मग बाजूला उभ्या असलेल्या दोघांकडे वळली.

“तुम्ही ओळखत होता यांना?”

“हो,” मास्कमधून हिसुई म्हणाला. “कामावरचा होता.”

“कशानं गेले हो?”

“दमला होता जरा.”

“दमलेलेच असायचे,” बाई म्हणाली. “मी शिमोझावा. कवळ्या करते, दातांच्या. दिवसभर दुसऱ्यांचे दात घासायचे. मी इथं यायचे तर बाकीची मुलं नुसता गोंधळ घालायची. बाटली उघडली की ओरडा, टाळ्या. यांनाही ओरडावं लागायचं, पण हे अर्धंच ओरडायचे. मग माझ्याजवळ येऊन बसायचे आणि गप्प. मीही गप्प. जगात कुणीतरी माझ्याइतकं दमलेलं आहे, एवढ्यासाठी मी दोन वर्षं येत होते. आता कुणाकडे जायचं?”

हिसुईनं मास्क खाली ओढला. “शिमोझावाबाई, मी आहे.”

तिनं त्याच्याकडे पाहिलं. फलकाकडे पाहिलं. मग तिचा चेहरा लाल झाला. “लाज नाही वाटत? गेलेल्या माणसाच्या फोटोखाली उभं राहून थट्टा करताय? तोंड बघा आणि ते बघा!”

“तोंड तेच आहे हो. बाई, तुमच्या मांजरीचं नाव बोतान. बर्फाशिवाय उलाँग चहा, त्यात दारू नावापुरती.”

“हे कुणालाही कळेल. क्लबात सगळं लिहून ठेवतात.”

हिसुईला हसू आलं. आपण आपणच आहोत हे सिद्ध करायची वेळ त्याच्यावर आधी आली नव्हती. तो हसला आणि बाई एकदम पुढं सरकली.

“आ करा.”

“काय?”

“आ करा म्हणते ना.”

भर रस्त्यात हिसुईनं आ केला. बाईनं मान तिरपी करून आत पाहिलं, कारागीर बघतो तसं. “वरचा डावा सुळा,” ती पुटपुटली. “दोन वर्षं बघत होते. वाटायचं, साचा घेऊन ठेवावा.” मग फलकाकडे बोट करून म्हणाली, “आणि ते दात कुणाचे?”

“माझे,” शिगेमात्सु म्हणाला. “म्हणजे मी केलेले.”

“वाईट केलेत. असल्या दातांनी शिजलेली नूडल तुटायची नाही.”

आणि तिनं हातातला गुच्छ हिसुईच्या डोक्यात घातला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. पाकळ्या हुडीवर पडल्या. चौथ्यांदा हात उचलला आणि ती तशीच फुटपाथच्या कडेवर बसली. रडली नाही. रडणं काल झालं होतं.

बांदो घाईघाईनं मधे आला. “बाई, तुम्हाला कळलं ते बरंच झालं, पण जरा हळू. रविवारपर्यंत आहे असं राहू दे. मग रविवारी हा एकदम आत येईल. केवढं होईल, विचार करा!”

“काढा ते,” शिमोझावा म्हणाली.

“अहो, आता तुम्हाला माहितीये ना जिवंत आहे ते?”

“आत्ता माहितीये. सकाळ-संध्याकाळ मी इथूनच कामाला जाते. उद्या त्या कोपऱ्यावरून वळले की आधी हे दिसणार, मग आठवणार. रोज दोनदा मरणार हा.”

शिगेमात्सु म्हणाला, “मालक, पट्ट्या काढतो. चूक माझी, पैसे घेत नाही.”

“आणि खालून मुकुट निघाले की दंड कोण भरणार? नवा फ्लेक्स मी या महिन्यात छापणार नाही, सांगून ठेवतो. हा उतरवला तर जुना समूहफलक लागेल, बारा जणांचा. जसा होता तसा.”

म्हणजे हिसुई परत पाइपामागं. चौघांनाही कळलं होतं. हिसुई रस्त्याच्या मधोमध गेला आणि तिथून वर बघत उभा राहिला. एक सायकलवाला घंटा वाजवून वळसा घालून गेला. चौदा वर्षं ज्या जागेसाठी घशात बाटल्या ओतल्या ती जागा समोर होती. चांगली दहा फूट उंच, एकट्याची. गल्लीत येणाऱ्या प्रत्येकानं तिच्यापुढं मान लववली होती. देवांनाही एवढं मिळालं नव्हतं.

“एकोणीस तास झाले असतील नाही, काका?” त्यानं तिथूनच विचारलं.

“वीस,” शिगेमात्सु म्हणाला. “काल तीनला लावला.”

“मग काढू या.”

“अरे, महिना आहे तुझा अजून. दुसरं काहीतरी सुचवतो मी. थांब जरा.”

“नको काका. या बाईंना जाता-येता त्रास. आणि मला वर बघवत नाही. तो फार झोप झालेला दिसतो.”

शिगेमात्सु शिडी आणायला निघाला तर हिसुईनं त्याला खाली बसवलं आणि क्लबातली शिडी स्वतः आणून लावली. स्लिपर घालूनच चढला. दोरीच्या गाठी सोडताना त्याचं तोंड फलकातल्या तोंडाच्या अगदी जवळ होतं, आणि खालून बघणाऱ्याला दोघं कुठल्याही अर्थानं नातेवाईक वाटले नसते. गल्लीतून एक म्हातारे गृहस्थ चालले होते. ते थांबले, शिडीवरच्या माणसाला हात जोडले, “फार तरुण होते हो,” म्हणाले आणि गेले.

“आभारी आहे,” हिसुई वरून म्हणाला.

शेवटची गाठ सुटली आणि फ्लेक्स घसरत खाली आला. बांदोनं सुस्कारा टाकला, मग फुलांकडे बघून त्याला बरं वाटलं. त्यानं गुच्छ उचलून आत न्यायला सुरुवात केली. बारा टेबलं होती, आणि शेवंती ताजी होती.

शिमोझावा उठली. कोट झटकला, घड्याळ बघितलं, उशीर झालेलाच होता. तिनं भिंतीजवळचे कॉफीचे तीन डबे उचलले, एक शिगेमात्सुला दिला, एक हिसुईला.

“घ्या. तुमचेच आहेत.”

तिघांनी डबे उघडले. कॉफी उन्हात कोमट झाली होती आणि गोड होती.

“आज आहात का कामावर?” तिनं विचारलं.

“असणारच. सुट्टी काल संपली.”

“मग येते मी. पण बाटली उघडणार नाही.”

“नका उघडू.”

“या महिन्यात तुम्ही खाली जाल मग.”

“जाईन की.” हिसुईनं डबा रिकामा केला आणि जांभई दिली, आ वासून, भर दुपारी. “तुम्ही आठनंतर या. त्याआधी जरा झोपून घेतो.”